चेहरा शेवटी

पेंटरमामा माणसाचा चेहरा सगळ्यात शेवटी रंगवायचे. आधी बूट, मग कपडे, हात, मागचं आभाळ, इमारती. सगळं पान रंगून झालं तरी चेहऱ्यांच्या जागा पांढऱ्याच असायच्या. पहिल्यांदा त्यांच्या स्क्रीनकडे पाहिलं तेव्हा मी दचकले होते. तोंड नसलेली दहाबारा माणसं एकमेकांना मारत होती.

आमच्या कामात असं करत नाहीत. शाहूपुरीत टायरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर आमचा स्टुडिओ होता. परदेशातल्या कॉमिक्सची काळ्या रेघांची पानं कॉम्प्युटरवर यायची आणि आम्ही आठजण त्यांत रंग भरायचो. प्रत्येक पात्राचा एक तक्ता असे. केसांचा रंग हा नंबर, अंगरख्याचा हा, कातडीचा हा. आधी कातडी भरायची, कारण ती सगळ्यात सोपी. मी सकाळी कॉलेज करून दुपारी तिथे जायचे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, त्यामुळे सांगितलं तसं करायचं, एवढंच मला येत होतं. मामांना मी विचारलं, चेहरा शेवटी का? ते म्हणाले, "अगं, चेहरा भरला की माणूस आपल्याकडं बघाय लागतो. मग बाकीचं काम उरकतंय व्हय?"

ते मूळचे हाताने बोर्ड रंगवणारे. दुकानांच्या पाट्या, तालमीच्या भिंतीवरचा मारुती, आणि कुस्तीच्या मैदानाचे मोठमोठे फलक. जोडीच्या दोन्ही पैलवानांना समोर उभं करून ते त्यांचे चेहरे काढत. फ्लेक्स आला आणि ते काम गेलं. मग पन्नाशीत ते माऊस धरायला शिकले. स्टुडिओत सगळे पंचविशीच्या आतले, त्यामुळे ते आपोआप सगळ्यांचे मामा झाले. मला मात्र त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. माझं गाव कुरुंदवाडजवळ, म्हणून मी कुरुंदवाड. "ए कुरुंदवाड, चहा आलाय बघ."

रंगांना नंबर असतात हे त्यांना कधी पटलं नाही. त्यांनी आपल्या कॉम्प्युटरवर प्रत्येक रंगाला नाव दिलं होतं. काकवी, ढेप, शेंगेचं टरफल, तांबडी माती, चुना, गाजर. परदेशी नायकांच्या तक्त्यात कातडीचे सहासात रंग असत, आणि ते सगळे मामांच्या लेखी चुन्यापासून गाजरापर्यंत कुठेतरी बसत. आपल्यासारख्या माणसांना तक्त्यात एकच नंबर होता. करडट तपकिरी. त्याला मामांनी चिखल असं नाव ठेवलं होतं. ते म्हणायचे, "माती येगळी, चिखल येगळा. आखाड्याच्या मातीत हळद असत्या, ताक असतं, त्याल असतं. त्यातनं उठलेल्या गड्याच्या अंगावर पाच रंग दिसत्यात. कानाला तांबडं, दाढीखाली निळसर, कपाळाला पिवळं. ह्यो एक नंबर कुणाचा हाय, मला तर कळंना."

त्यांची एक सवय आम्हा सगळ्यांना पाठ झाली होती. एखाद्या पानात आशियातला कुणी पुरुष दिसला की ते खुर्चीतूनच जाहीर करायचे, "आपला माणूस आला." आणि पाठोपाठ तो काय करतोय तेही सांगायचे. आपला माणूस आला, टॅक्सी चालवतोय. आपला माणूस आला, दुकान लुटवून घेतोय. आपला माणूस आला, पांढरी दाढी हाय, पोराला विद्या शिकवून मरतोय. आम्ही हसायचो. एकदा मी म्हटलं, मामा, हा तर चिनी वाटतो. ते म्हणाले, "असू दे की. त्येला बी आपल्याच पंगतीत बसवलाय."

हसण्यासारखंच ते बोलायचे, पण हळूहळू मला हसायला यायचं बंद झालं. मी दोन वर्षं त्यांच्या शेजारी बसले. त्या दोन वर्षांत आपल्या माणसांना मी स्वतः चिखल भरला, आणि त्यातला एकही कधी जमिनीवरून वर उठला नाही. हे माझ्या लक्षात आलं ते मामांमुळे. नाहीतर मला वाटलं असतं की गोष्टी अशाच असतात.

मामांना साखर होती, आणि ती डोळ्यांत उतरली होती. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की आहे तेवढी नजर टिकवू, पण फार दिवसांचा भरवसा धरू नका. हे त्यांनी मला चहा पिताना सांगितलं, पाऊस येईल असं सांगावं तसं. मग म्हणाले, "जायच्या आधी एक आपला माणूस उडताना रंगवायला मिळावा. बास. मग गेली तर गेली."

आणि तो आला. एका दुपारी मामा म्हणाले, "आपला माणूस आला," आणि पुढे काहीच बोलले नाहीत. मी वाट पाहिली आणि मग खुर्ची सरकवून त्यांच्या पानाकडे पाहिलं. पाच वीरांची टोळी होती. त्यातला पाचवा सावळा होता, मिशी होती, आणि तो ढगांच्या वर होता. त्याचं नाव बंगाली होतं आणि आडनाव पंजाबी. तो कुठल्या गावचा हे लिहिणाऱ्यालाही बहुतेक ठरवता आलं नव्हतं. मामांनी त्याचं नाव पावणं ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून ते आल्याआल्या मला बातमी द्यायचे. आज पावण्यानं आगगाडी आडवली. आज पावण्याला बोलायला दोन वाक्यं दिलीत, एक त्यातलं धड हाय.

तक्त्यात पावण्याला अर्थात चिखलच होता. पण सावली आणि उजेड कसा टाकायचा हे रंगवणाऱ्याच्या हातात असतं. मामा चिखलावर काकवी चढवायचे, काकवीवर ढेप, आणि शेवटी कानाच्या पाळीला तांबडं. दोन अंक तसेच गेले. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण पावणं बहुतेक चौकटींत मागे उभा असायचा. मामा डोळे स्क्रीनला टेकतील इतके पुढे वाकून काम करायचे.

तिसऱ्या अंकात पावणं मेला. कोसळणारा पूल त्याने खांद्यावर धरला, बाकीचे चौघे पार झाले, आणि शेवटच्या पानभर चित्रात मुख्य नायकाने त्याला मांडीवर घेतलं होतं. ते पान मामांकडेच आलं. त्यांनी ते उघडलं. मग म्हणाले, "निघालं पावणं." आणि बूट रंगवायला घेतले.

त्या पानाला त्यांनी तीन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून ते दाखवलं. मला ते नीट वर्णन करून सांगता येईल का, माहीत नाही. मांडी देणारा नायक सावलीत गेला होता, पूल, धूर, आभाळ सगळं मागे सरलं होतं, आणि पावण्याचा चेहरा उजळला होता. मी घाबरत म्हटलं, मामा, मेलेल्या माणसाला फिका करायचा असतो ना? त्यांनी मला समजावलं. श्रद्धांजलीचे बोर्ड त्यांनी शेकड्यांनी रंगवले होते, आणि त्यांच्या गुरूंचा नियम होता, मेलेल्याचा चेहरा जित्यापेक्षा उजळ करायचा, कारण घरची माणसं दुसरीकडे कुठे बघत नाहीत. "उजळ म्हंजे गोरा न्हवं हां, कुरुंदवाड. उजळ म्हंजे आत दिवा लावल्यागत."

पान पाठवून ते दुसऱ्या दिवशी डोळ्यात इंजेक्शन घ्यायला मिरजेला गेले. तो चेहरा त्यांनी हट्टाने उजळला की सवयीने, मला आजही ठरवता येत नाही. मला वाटतं त्यांना त्यात काही चूक दिसलीच नसावी.

ते मिरजेत असताना पान परदेशातून शेरा मारून परत आलं. सरांनी, म्हणजे स्टुडिओच्या मालकांनी, शेरा आम्हाला मराठीत वाचून दाखवला. वाचकाची नजर चुकीच्या माणसावर जाते आहे. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी एकदा मामांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, तक्त्याप्रमाणे करून टाक, संध्याकाळपर्यंत जायला हवं.

मी नाही म्हणू शकले असते का, हा प्रश्न मी स्वतःला फार वेळा विचारला आहे. त्या वेळी तो सुचलासुद्धा नाही. मी मामांच्या खुर्चीत बसले, पावण्याच्या चेहऱ्यावरचे सगळे थर काढले आणि चिखल भरला. नायकाच्या तोंडावर उजेड टाकला. दहा मिनिटं लागली. मग त्याच फाइलवर सेव्ह केलं. आमची तशीच पद्धत होती, जुनं ठेवून कशाला जागा अडवायची. मामांनी तीन दिवस केलेला तो चेहरा त्यानंतर आमच्याकडे कुठेही उरला नाही. हे मला घरी जाताना बसमध्ये कळलं.

मामा काळा चष्मा लावून परत आले. त्यांनी मला एकच विचारलं, "पान गेलं?" मी म्हटलं, गेलं. ते खोटं नव्हतं. पुढचं सांगायला मी उद्या उद्या करत राहिले. आणि दोनच महिन्यांत त्यांना स्क्रीनवरचा बाण दिसेनासा झाला. शेवटच्या दिवशी त्यांनी माऊस पुसून ठेवला आणि रंगांच्या नावांची फाइल मला कॉपी करून घ्यायला लावली. काकवी जपून वापर म्हणाले, लगेच काळी पडते.

छापील अंक स्टुडिओत आले तेव्हा एक घेऊन मी त्यांच्या घरी गेले. आमची नावं त्यात कुठे नव्हती, ती कधीच नसत. मामा दाराशी खुर्ची टाकून बसले होते. त्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. मामी चहा ठेवायला उठल्या. मामांनी अंक हातात घेऊन आधी त्याचा वास घेतला, मग मला ते पान काढायला सांगितलं आणि बोट पुढे केलं. मी त्यांचं बोट धरून पावण्याच्या चेहऱ्यावर ठेवलं.

"ह्योच न्हवं?"

मी हो म्हटलं.

"काकवी उतरली का छपाईत? का काळवंडला?"

मी म्हटलं, उतरली मामा.

"आन् कान?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं, एवढं मला आठवतं. पण निघालं ते, "तांबडा आहे." मामांनी मान हलवली. मग त्यांनी मामींना हाक मारून अंक त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, बघ, आपला माणूस. मामींनी पान पाहिलं. चिखलाच्या रंगाचा, विझलेला एक चेहरा, आणि त्याच्यावर वाकलेला लखलखीत नायक. आयुष्यभर त्यांनी नवऱ्याने रंगवलेले चेहरे पाहिले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

"चांगला उजाळलाय की," मामी म्हणाल्या, आणि चहा उतू जाईल म्हणून आत गेल्या.

त्यानंतर मामा सहा महिने होते. शेवटी मूत्रपिंडं गेली. तालमीतल्या पोरांनी चौकात त्यांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. प्रेमाने लावला होता. पण फ्लेक्सच्या दुकानात सगळेच फोटो गोरे करून घेण्याची रीत आहे, आणि तिथल्या मुलाने मामांचा चेहरा चुन्यासारखा केला होता. दाढी गुळगुळीत, कान गुलाबी. मी मामींबरोबर त्याच्या खाली उभी होते. त्या वर बघून म्हणाल्या, "ह्यो आमचा माणूस न्हवं." परदेशातला कुणी नव्हता त्यात. आमच्याच पोरांनी, आमच्याच चौकात केलं होतं. मीही काही वेगळं केलं नव्हतं.

वर्षश्राद्धाच्या आधी मामींचा फोन आला. त्यांनी एवढंच विचारलं, औंदा फ्लेक्स तू करशील का? मामांची रंगांची फाइल घेऊन मी त्या दुकानात गेले आणि त्या मुलाला म्हटलं, फोटो मला करू दे. तो म्हणाला, "ताई, गोरं केल्याबद्दल आजपतोर कुणी तक्रार केली न्हाय." मी म्हटलं, मी करते आहे. त्याने खांदे उडवले आणि खुर्ची दिली.

मी सदऱ्यापासून सुरुवात केली. मग टोपी, मग मागचं आभाळ. मामा म्हणाले होते ते खरं होतं. चेहरा भरायला घेतल्यावर ते माझ्याकडे बघायला लागले आणि हात थांबला. मग काकवी घेतली, जपून. तिच्यावर ढेप. दाढीखाली निळसर, कपाळाला थोडं पिवळं. आत दिवा लावल्यागत मला जमलं नाही, तेवढा माझा हात नाही. पण कानाला तांबडं ठेवलं, आणि फाइल नव्या नावाने सेव्ह केली.