लेकीचा वकील

“बाई, तुम्ही पडद्याआड व्हा. मुलीच्या बापाला पुढं बोलवा.”

काझीसाहेब हे बोलले तेव्हा माझ्या हातात निकाहानंतर वाटायच्या खजुरांचा खोका होता. विश्रांतवाडीतला हॉल. निकाह माझ्या सनाचा. हॉल मी ठरवलेला, जेवण मी सांगितलेलं, पोरगी मी वाढवलेली. शाळेची व्हॅन चालवते मी. लोकांची पोरं शाळेत पोचवून माझी पोरगी इंजिनियर केली. आणि मी पडद्याआड.

बाप आला की. कडक इस्त्रीची शेरवानी, वर अत्तर. मुलाकडच्यांनी त्याला लोणी काळभोरहून शोधून आणलेलं. सना पाळण्यात होती तेव्हा मी भाकरी थापत असताना हा मागं उभा राहिला, तीनदा तलाक म्हणाला आणि चपला घालून निघून गेला. मी ह्याच काझीसाहेबांकडं धावले होते. तलाक झाला, म्हणाले. पोरीचं काय, विचारलं, तर सब्र कर म्हणाले. केला सब्र. त्यानंतर पोरगी जिवंत आहे का, एवढंसुद्धा त्या माणसानं कधी विचारलं नाही.

आमच्यात मुलीची मर्जी विचारायला तिचा वकील दोन साक्षीदार घेऊन बायकांत येतो. ती हो म्हणाल्याशिवाय निकाह होत नाही. वकील बापच हवा, असं काझीसाहेबांचं म्हणणं. आईनं विचारलं तर काय बिघडतं, कुठं लिहिलंय तसं, मी हळूच विचारलं. ते हसले.

“लिहिलेलं वाचायला आम्ही आहोत.”

दर जुम्म्याला हेच लाउडस्पीकरवरून सांगतात, इस्लामनं औरतीला चौदाशे वर्षांपूर्वी हक दिले. दिले हो. वाटेत कुणी ठेवून घेतले, तेवढं सांगत नाहीत.

वकीलसाहेब आत आले. सनानं हौसेनं साधा पांढरा ड्रेस शिवला होता. शेजारी तिची मैत्रीण, लाल जरीत. पुरुष येणार म्हणून दोघींनी ओढणी नाकाखाली ओढलेली. हा सरळ लाल जरीसमोर उभा राहिला. घसा साफ केला, बेटी म्हणाला आणि त्या परक्या पोरीला निकाह कबूल आहे का विचारायला लागला.

बायका ओढणीत तोंड खुपसून हसल्या. माझ्या अंगाची आग आग झाली. सनाचे खांदे हलताना मला दिसत होते. रडत होती पोर.

मी पडदा सारला आणि पुरुषांत जाऊन काझीसाहेबांसमोर बसले. म्हटलं, “ज्याला पोरगी ओळखता येत नाही, तो तिचा वकील नाही. मी आहे.”

असा रिवाज नाही, काझीसाहेब म्हणाले. रिवाज तुमचा, म्हटलं, दीन-धर्म माझाही आहे. मुलाकडचे उठायला लागले. नवरा मुलगा? तो मोबाईलमध्ये बघत बसला. पोरीची जिंदगी बरबाद करशील, काझीसाहेब माझ्यावर ओरडले. तेवढ्यात सना येऊन माझ्यामागं उभी राहिली. चेहरा उघडा.

“अम्मीनं विचारलं तर सांगेन. नाहीतर माझी मर्जी नाही.”

निकाह झाला नाही. वऱ्हाड न जेवता गेलं, बिर्याणीचे डेग भरलेले तसेच. मोहल्ल्यात माझ्या नावानं शिमगा झाला. सना कितीतरी दिवस कामावरून आली की खोलीचं दार लावून घ्यायची. माझ्यावर रागावलीस का, असं मी तिला विचारलं नाही. भीती वाटली, खरं सांगते. खजूर मी व्हॅनमधल्या पोरांना वाटून टाकले.

आता सिग्नलला गाडी थांबली की मी निकाह लावताना काझी म्हणतात तो अरबी खुतबा पाठ करते. मोबाईलवर उच्चार ऐकते, चुकला की पुन्हा म्हणते. पोरं मागं खिदळतात. खिदळू देत. निकाहाला दोघांची मर्जी लागते आणि साक्षीदार लागतात. कुणाची शेरवानी लागत नाही.

जिला बाप नाही, किंवा असून नको आहे, त्या पोरीनं मला हाक मारावी. तिचा निकाह मी वाचणार. सनाचाही मीच वाचणार, ती म्हणेल तेव्हा, ती म्हणेल त्याच्याशी. काझीसाहेबांना यायचं असेल तर खुशाल यावं. पडद्याआड जागा आहे.