अर्धं राहिलेलं कौतुक

"ओवेन गेले. सकाळचं दूध काढून झालं, मग कळवतेय." हारुको-सानचा हा मेसेज वाचला तेव्हा मी उरायासु स्टेशनवर उभी होते. त्याला आता महिना होऊन गेला. ओवेन-सान मूळचे आयर्लंडचे. जपानमध्ये चिबात बायकोच्या, म्हणजे हारुको-सानच्या, माहेरच्या गोठ्यात चाळीस वर्षं राबले आणि तिथलेच झाले. मी दुधातल्या जिवाणूंवर संशोधन करते, त्यामुळे नमुने आणायला त्यांच्याकडे माझी नेहमीची फेरी असे. पहिल्याच दिवशी एक वासरू पाहून मी म्हणाले, "काय गोड आहे हो ही!" ते हातातलं काम सोडून थांबले.

"पुढचं?"

"पुढचं काय?"

"देव हिचं भलं करो. नुसतं कौतुक केलं की जनावराला नजर लागते. आमच्या गावात हे न म्हणणाऱ्याला गोठ्यात पाऊल टाकू देत नसत."

दृष्टबिष्ट मी पुण्यातच सोडून आले होते, आता आयर्लंडची कुठून मानणार! मी ते वाक्य काही म्हटलं नाही. मग दर वेळी माझं कौतुक तेच पुरं करायचे. मे महिन्याच्या पहिल्या तारखेला तर कहर केला. गाईंच्या शेपट्यांना लाल फिती बांधल्या आणि म्हणाले, "आज दुधाचा थेंब बाहेर जायचा नाही, गोठ्याची बरकत जाते." टँकरलाही त्यांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं होतं. मी रिकाम्या बाटल्या घेऊन तणतणत परतले.

शेवटची भेट हिवाळ्यातली. कॅन्सरपुढे डॉक्टरांनी हात टेकले होते, म्हणून घरी आणलं होतं. उन्हात खुर्ची टाकून बसले होते. मी उगाचच उत्साहाने म्हणाले, "आज चेहरा किती टवटवीत दिसतोय तुमचा!" ते माझ्याकडे बघत राहिले... हसत, वाट पाहत. ते वाक्य स्वतःसाठी स्वतः म्हणायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी हटून बसले, हसले आणि विषय बदलला.

त्या चार शब्दांनी आजार हटला नसता, कळतं मला. पण त्यांनी ते मागितले आणि मी दिले नाहीत. फार रडले मी यावरून.

परवा हारुको-सानना हे सगळं सांगून टाकलं. चहा ओतता ओतता त्या थांबल्या.

"तू निघालीस की ते दारात उभे राहायचे, तुझी बस वळेपर्यंत. 'हुशार पोर आहे,' म्हणायचे... आणि पुढचंही म्हणायचे. तू शेवटची आलीस त्या दिवशी त्यांना उठवत नव्हतं, तर मला दारात उभं केलं आणि माझ्याकडून म्हणवून घेतलं."