थँक यू, बेअरर

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं टाळत आलो. टाळत म्हणजे काय, अर्धीच सांगत आलो. अर्धी सांगितली की माणूस शूर दिसतो. आता माझं वय झालं. पूर्ण सांगतो.

नव्वदच्या दशकात मी इकडे कन्नड मुलखात, व्हाइटफील्डकडच्या एका कपडे निर्यात करणाऱ्या कंपनीत डिस्पॅचला होतो. मालकांच्या सूनबाई इंग्लंडात शिकून आल्या होत्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. परदेशी गिऱ्हाइकं ऑफिसात येणार, तर सगळ्यांना इंग्रजी बोलता आलं पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. दर शनिवारी दुपारी मोठ्या टेबलाभोवती आम्हाला उभं करायच्या. त्या एक विशेषण द्यायच्या. साधंच, रोजच्या बोलण्यातलं. आपण त्याला शोभणारं नाम जोडायचं. जो चुकेल त्यानं खांद्यावर टॉवेल टाकून सगळ्यांना चहा द्यायचा. आणि कप उचलताना प्रत्येकानं, क्लबातल्या वाढप्याला म्हणावं तसं, म्हणायचं, "थँक यू, बेअरर."

त्या दिवशी शब्द होता 'स्ट्राँग'. स्ट्राँग कॉफी झालं. स्ट्राँग विंड झालं. माझी पाळी आली.

"स्ट्राँग रेन."

मॅडमनी भुवया उंचावल्या. "अंकल, डज द रेन गो टु द जिम?"

पाऊस व्यायामशाळेत जातो का! सगळे खो खो हसले. चुकलं कुठे तेच मला कळेना. आमच्या घरात वारा जोराचा, पाऊसही जोराचा. शेजारच्या कन्नड घरातही तसंच. इंग्रजीत म्हणे वारा स्ट्राँग, पण पाऊस हेवी. ट्रॅफिक हेवी. दंड हेवी. दारू पिणारा माणूससुद्धा हेवी, मग तो कितीका किडकिडीत असेना. मी विचारलं, "व्हाय, मॅडम?"

"नो व्हाय. वुई जस्ट से इट लाइक दॅट."

आम्ही तसंच म्हणतो. त्या 'आम्ही'त मी नव्हतो.

टॉवेल खांद्यावर घेतला. ट्रे धरून टेबलाभोवती फिरलो. माझ्या मुलाच्या वयाचा अकाउंटंट टेबलाला रेलून उभा होता. "थँक यू, बेअरर," तो म्हणाला, आणि वर म्हणाला, "शुगर कम है." माझ्या वडिलांनी इथल्याच शिवाजीनगरच्या एका खोलीत आयुष्यभर क्लबातल्या बेअररांचे पांढरे कोट शिवले होते. मुलाला तो कोट घालावा लागू नये म्हणून शिवले होते.

तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं नाही. घोकायला लागलो. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक पुस्तक आणलं आणि बसमध्ये पाठ करत सुटलो. हेवी रेन. डीप स्लीप. हाय फीव्हर. तोंडातल्या तोंडात पुटपुटायचो. कंडक्टर म्हणायचा, "काय अण्णा, मंत्र?"

वर्ष सरलं तसा मी कधी चुकेनासा झालो. मॅडम खूश. "अंकल, यू टेक द क्लास." मग शब्द मी देऊ लागलो. इथं खरी लाज वाटते. मला ते आवडलं. दुसऱ्याच्या खांद्यावर टॉवेल पाहून बरं वाटायचं. एक नियम तर मी स्वतःच घातला. टॉवेल संध्याकाळपर्यंत काढायचा नाही. मॅडमना तो फार पसंत पडला.

त्याच सुमारास गंगम्मा ऑफिसात आली. शिलाईच्या हॉलमध्ये धागे कापता कापता चेकिंगला गेली होती, आता तिला चेकिंगची इन्चार्ज केलं होतं. सध्या तात्पुरतं, काम पाहून कायम करू, असं म्हणाले होते. ती देवनहळ्ळीकडची. तिच्या लोकांची वस्ती गावाबाहेर. ऑफिसात हे कुणी बोलायचं नाही, पण ठाऊक सगळ्यांना होतं. आम्हाला चहा चिनीमातीच्या कपात यायचा, तिला स्टीलच्या ग्लासात. कुणी असं ठरवलं, तेही कुणी विचारलं नाही. आम्ही तसंच करतो, झालं. तिच्याशी बोलताना मात्र आम्ही सगळे अगदी गोड. अक्का, अक्का.

त्या शनिवारी मी तिला 'स्ट्राँग' दिला. मुद्दाम दिला. मी जिथं पडलो तिथं दुसरं कुणी पडताना मला पाहायचं होतं.

"स्ट्राँग रेन," ती म्हणाली.

आणि मी, मॅडमच्याच सुरात म्हणालो, "अक्का, डज द रेन गो टु द जिम?"

हशा पिकला. सर्वांत मोठ्यानं मीच हसलो. तिच्या खांद्यावर टॉवेल मी टाकला. ती ट्रे घेऊन फिरू लागली, आणि हसणं थांबलं. अकाउंटंट म्हणाला, आज उपास आहे. टायपिस्ट बाईंना ॲसिडिटी झाली. मॅडम फोनवर बोलू लागल्या. 'थँक यू, बेअरर' म्हणायला कुणी उरलंच नाही. ट्रे माझ्यापाशी आला. मी म्हणालो, "आत्ताच झाला अक्का."

माझा चहा झाला नव्हता.

ट्रेमधल्या कपांवर साय धरली होती. तिनं ट्रे मॅडमच्या टेबलावर ठेवला. टॉवेल काढला, घडी घातली, माझ्यापुढे ठेवला. मग एक चिनीमातीचा कप उचलला, आपल्या खुर्चीवर जाऊन बसली आणि सावकाश चहा प्यायली. पुरता संपेपर्यंत. आम्ही सगळे उभेच.

कप खाली ठेवून ती माझ्याकडे पाहत कन्नडमध्ये म्हणाली, "अण्णा, माझ्या हातचं तुम्ही कुणी घेणार नाही, हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं. मग ट्रे कशाला दिलात?"



सोमवारी मॅडमनी मला आत बोलावलं. "वॉज शी रूड?" एका शब्दावर तिची जागा टिकणार की जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी म्हणालो, "व्हेरी रूड, मॅडम."

तिला पुन्हा धागे कापायला पाठवलं. ती गेली नाही. डबा घेऊन सरळ गेटबाहेर पडली.

पुढच्या शनिवारी मॅडम म्हणाल्या, "कम अंकल, गिव्ह अस अ वर्ड." मी म्हणालो, "नाही मॅडम. हे मी करणार नाही. टॉवेलही घेणार नाही." त्यानंतर ते शनिवार बंद पडले. एवढीच गोष्ट मी जन्मभर सांगितली. घरी, लग्नकार्यात, आमच्या समाजाच्या बैठकीत. लोक टाळ्या वाजवायचे. गंगम्माचं नाव मी कधी घेतलं नाही. ज्या 'नाही'ची किंमत तिनं मोजली, ते मी फुकटात वापरलं.

काही वर्षांनी शिवाजीनगरच्या बाजारात ती भेटली. हातात बटणांची पुडकी. घरीच शिवणकाम करत होती. माझा मुलगा बरोबर होता.

"काय अण्णा, पोट सुटलं की हो!" ती हसली. "बरं आहे ना?"

मी मुलाला सांगितलं, या आमच्या ऑफिसात होत्या. तो उत्साहानं म्हणाला, "मग अक्का, तुम्हाला ठाऊक असेल. आमच्या अप्पांनी त्या मॅडमला तोंडावर नाही म्हटलं होतं!"

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"होय का? चांगलं केलंत अण्णा."

मुलगा माझ्याकडे अभिमानानं बघत होता. मी मान डोलावली. ती गर्दीत निघून गेली. मग तिचा शोध घेतला, पत्ता लागला नाही.

हे लिहिलेलं आधी मुलाला वाचायला देणार आहे. मग ज्या बैठकीत टाळ्या घेतल्या, तिथंच उभा राहून वाचणार आहे. त्यांना आवडो न आवडो. माझ्या शौर्याची ती गोष्ट आता कुणी सांगायची नाही. आणि यानं माझं ओझं उतरेल असं कुणी म्हणू नये. ते उतरवण्यासाठी मी हे लिहीत नाही.

त्या दिवशी बाजारात तिच्याच भाषेतले शब्द माझ्या ओठांवर आले होते. मुलासमोर गिळले. अक्का, तप्पु नंदे. चूक माझीच.