कोचबरोबर पोरं गोळा करताना

त्या कॉलेजात गणित शिकवायला लागलो तेव्हा फुटबॉलशी माझा काडीचाही संबंध नव्हता. आपल्याकडे फुटबॉल म्हणतात तो हा खेळ नव्हेच. डोक्याला हेल्मेट, खांद्याला गाद्या, हातात लांबोडका चेंडू, आणि शिट्टी झाली की बावीस जण एकमेकांच्या अंगावर कोसळणार. शनिवारी सगळं गाव ते बघायला लोटायचं. मी एकदा गेलो, थंडीने गारठलो आणि परत आलो.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात एक चिमुकलं कॉलेज, आजूबाजूला गायीगुरं आणि बंद पडलेल्या खाणी. गावात हिंदुस्थानी म्हणजे मी आणि माझी बायको. मराठी बोलायचं तर दोन तास गाडी हाकत पिट्सबर्गला जायचं. माझ्या ग्रीन कार्डाचे कागद कॉलेजच्या सहीने पुढे सरकायचे होते, त्यामुळे डीनने बोलावलं की मी जरा लवकरच पोचायचो.

डिसेंबरच्या शेवटी त्याने असंच बोलावलं. म्हणाला, "जानेवारी-फेब्रुवारीतले शनिवार-रविवार तुम्ही कोचबरोबर जा. तो मुलांच्या घरी जातो, त्यांना आपल्या टीमसाठी तयार करतो. शिकवणारा माणूस कसा आहे ते आयांना बघायचं असतं."

"पण मला फुटबॉलमधलं काही कळत नाही," मी म्हणालो.

"तेच चांगलं," डीन म्हणाला.

कोच हा लाल मानेचा, गडगडून हसणारा माणूस. खालच्या ओठात सतत तंबाखूचा बार. गाडीत दोन सीटांच्या मध्ये कागदी कप ठेवलेला असायचा, त्यात तो थुंकायचा. आमच्या साताऱ्याकडे तंबाखू खाणारे काही कमी नव्हते, पण ते निदान खिडकीबाहेर थुंकत. इथे बाहेर बर्फ, काचा बंद, हीटर जोरात, आणि वळणावळणाला तो कप माझ्या गुडघ्याजवळ डुचमळायचा. पहिल्याच दिवशी मी त्याला विचारलं, मी तिथे जाऊन नेमकं काय बोलायचं?

"काही बोलू नका, डॉक. नुसते बसा." माझ्या गणितातल्या डॉक्टरेटमुळे तो मला डॉक म्हणायचा.

मला का नेलं जातंय ते पहिल्याच घरी कळलं. आम्ही जात होतो त्या नदीकाठच्या गावांतले पोलादाचे कारखाने एकेक करून बंद पडत होते. तिथल्या हॉस्पिटलांत यायला गोरे डॉक्टर तयार नसत, म्हणून बहुतेक ठिकाणी आपल्याकडचेच डॉक्टर होते. दार उघडणाऱ्या बाईने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा सैल झाला. "तुम्ही आमच्या डॉक्टरांच्या देशाचे का? माझ्या आईला त्यांनी वाचवलं." मी काही बोलायच्या आत कोच म्हणाला, "हे लोक असेच असतात, मॅडम. हुशार आणि काळजी घेणारे." मी हसलो. ओळखही नसलेल्या एका डॉक्टरची पुण्याई मी त्या दिवशी वापरली, आणि पुढे दोन महिने वापरत राहिलो.

घरात शिरलं की कोच मुलाशी हात मिळवायचा आणि दुसऱ्या हाताने त्याचा दंड चाचपायचा. मग खांदा, मग पाठ. बुटाचा नंबर विचारायचा. आईबापांकडेही तो त्याच नजरेने बघायचा. बैलबाजारात दात बघणारा माणूस निदान जनावराच्या धन्याला तुमच्या घरचा स्वयंपाक फार गोड असतो म्हणून सांगत नाही. हा सांगायचा. कॉफी घेता घेता आईची तारीफ, तिने भाजलेल्या ॲपल पायची, म्हणजे सफरचंदाच्या गोड पोळीची, तारीफ, भिंतीवरच्या येशूच्या चित्राला आदर. गाडीत आला की एका कार्डावर लिहायचा, 'आई जाडजूड, पोरगा अजून वाढेल', किंवा 'बापाचे गुडघे गेलेले. जपून.' आणि तो ॲपल पाय म्हणजे नुसता चिखल होता म्हणत कपात थुंकायचा.

सगळ्यात किळस त्या जर्सीची यायची. डिकीतल्या पिशवीत कॉलेजच्या रंगाची एक जर्सी असायची, पाठीवर बहात्तर नंबर. बोलणं रंगात आलं की कोच ती काढायचा. "ही तुझी. हा नंबर मी तुझ्यासाठी राखून ठेवलाय. घालून बघ." मुलगा ती अंगात चढवायचा, आई कॅमेरा शोधायला धावायची, धाकट्या बहिणी टाळ्या वाजवायच्या. फोटो झाला की कोच ती परत घ्यायचा. "ऑगस्टमध्ये तुझ्या लॉकरमध्ये टांगलेली असेल." आणि घडी करून पिशवीत. दोन तासांनी पुढच्या गावात तीच जर्सी, तेच वाक्य. चौथ्या घरी पोचेपर्यंत तिला आधीच्या तीन पोरांच्या घामाचा वास यायचा.

एका रविवारी परतताना मी म्हटलं, "एकच नंबर तुम्ही नऊ जणांना दिलात."

"अकरा," कोच म्हणाला. "दोघं तुम्ही नसताना."

"मग ऑगस्टमध्ये?"

"निम्मी पोरं ऑक्टोबरपर्यंत घरी जातात, डॉक. हॉस्टेलच्या खाटा मात्र सप्टेंबरात भरलेल्या दिसाव्या लागतात, फी तेव्हाच जमा होते. डीनला विचारा."

मी डीनला विचारलं नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. "अहो, मग तुम्ही कशाला जाता?" ती म्हणाली. मी ग्रीन कार्डाचं कारण सांगितलं. तिने पुढची पोळी तव्यावर टाकली.

फेब्रुवारीत एका घरी गेलो. मुलगा धिप्पाड, दारातून वाकून आत येणारा, आणि आवाज इतका हळू की पुन्हा विचारावं लागे. बाप दुसऱ्या खोलीत टीव्हीसमोर बसलेला. कारखाना बंद पडल्यापासून तो फारसा कोणाशी बोलत नसे. आई म्हाताऱ्यांच्या एका नर्सिंग होममध्ये स्वयंपाक करायची. जर्सी घालून झाली, फोटो झाला. मग तिने खुर्ची माझ्याकडे वळवली.

"मला यांच्याकडून नको, तुमच्याकडून ऐकायचंय," ती म्हणाली. "माझा मुलगा वाचायला हळू आहे. लहानपणी त्याला वेगळ्या वर्गात बसवत. तो खेळला नाही, त्याला काही लागलं, तर तिथे त्याच्याकडे कोणी बघेल का?"

मुलगा जमिनीकडे बघत होता. कोच माझ्याकडे बघत होता. खरं उत्तर मला ठाऊक होतं. ते एका शब्दाचं होतं, 'नाही'.

"मी स्वतः बघेन," मी म्हणालो.

तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. गाडीत बसल्यावर कोचने माझ्या खांद्यावर थाप मारली. "डॉक, तुम्ही या धंद्यात जन्माला यायला हवं होतं!" त्या थापेने अंगावर शहारा आला. त्याने त्या घरात नेहमीपेक्षा वेगळं असं काही केलं नव्हतं. केलं होतं ते मी.

ऑगस्टमध्ये शंभराच्या वर पोरं आली. मैदानात एका वेळी उतरतात अकरा. तो मुलगा पहिल्या आठवड्यात माझ्या ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. "आई म्हणाली तुम्हाला भेट." मग तो आठवड्यातून तीन संध्याकाळी आमच्या घरी यायला लागला. डायनिंग टेबलावर आम्ही अपूर्णांक करायचो. त्याला वाचायला त्रास होता, पण गणित एकदा समजलं की तो विसरत नसे. एकदा उत्तर बरोबर आलं म्हणून त्याने उठून टेबलाभोवती एक फेरी मारली. बायको त्याला वरणभात वाढायची. तो "येस मॅम" म्हणून दोनदा घ्यायचा.

त्याला खेळवत नव्हतेच. सरावात मुख्य टीमच्या पोरांना धडका मारायला समोर कोणीतरी लागतं. त्या रांगेत त्याला उभं करायचे. एके दिवशी तो लंगडत आला. गुडघा सुजून नारळाएवढा झालेला. पोरांच्या दुखापती बघणाऱ्या ट्रेनरने बर्फ लावून तीन दिवसांनी पुन्हा मैदानात यायला सांगितलं होतं. मी म्हटलं, जाऊ नको. तो म्हणाला, "नाही गेलो तर लॉकर काढून घेतात, सर."

गणिताच्या इमारतीतून मैदान दिसायचं. सप्टेंबरच्या अखेरीची दुपार होती, वर्ग सुटला होता आणि मी फळा पुसत होतो. खाली शिट्टी झाली, धडक झाली, आणि सगळे उठले तेव्हा तो उठला नाही. पाय नको त्या दिशेला वळलेला होता. तो ओरडला, ते मला बंद खिडकीतून ऐकू आलं. कोच त्याच्याजवळ गेला, वाकून बघितलं, सरळ झाला आणि हात हलवून बाकीच्यांना म्हणाला, "पुढे सरका! दहा यार्ड पुढे!" सगळी रांग दहा यार्ड पुढे सरकली आणि सराव पुन्हा सुरू झाला. ट्रेनर एकटा त्याच्यापाशी बसला होता. डस्टर हातात घेऊन मी तिथेच उभा होतो. मी खाली धावत गेलो असं सांगायला मला आवडलं असतं. मी गेलो, पण आधी बराच वेळ उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी कोचच्या ऑफिसात गेलो.

"कुठला?" त्याने विचारलं. मी नाव सांगितलं. त्याने यादी चाळली. "हां, तो. वाईट झालं." आणि कपात थुंकला.

तिथून डीनकडे. डीन शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "हे कॉलेज अजून उघडं आहे ते या मुलांच्या फीमुळे. तुमची नोकरीही त्यामुळेच आहे. आणि वसंतात तुमच्या ग्रीन कार्डाची फाइल माझ्यापुढे येणार आहे, हे तुम्ही विसरला नसाल." धमकी देतानाही तो माझ्यासाठी कॉफी ओतत होता. मी ती प्यायलो. त्या कॉफीचा घोट आजही मला लाजिरवाणा वाटतो.

ऑपरेशननंतर तो कुबड्यांवर आला. हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावरची खोली, लिफ्ट नाही. त्याचं लॉकर दुसऱ्याला दिलं होतं. त्याने वर्ग सोडले नाहीत, माझ्याकडे येत राहिला, पण बाकीच्या विषयांत मागे पडला आणि नोव्हेंबरमध्ये म्हणाला, "सर, मला घरी जायचंय." कॉलेजने गाडी दिली नाही. मीच त्याला घेऊन गेलो. मागच्या सीटवर पाय लांब करून तो वाटभर झोपला.

आई दारातच उभी होती. तिने त्याला आत नेऊन बसवलं, पायाखाली उशी दिली आणि मग बाहेर ओसरीवर माझ्याकडे आली. मी माफी मागायला लागलो. तिने हात वर केला.

"कोच खोटं बोलतोय ते मला तेव्हाच कळत होतं," ती म्हणाली. "असे लोक मी बघितलेत. पण तुम्ही शेजारी बसला होतात ना."

एवढंच. मला आत बोलावलं नाही. बोलवायला नकोच होतं.

नाताळला बायकोने त्या घरी कार्ड पाठवलं. सही करायला मी पेन घेतलं तर म्हणाली, "तुमचं नाव नको. मी एकटीच लिहिते." मी पेन खाली ठेवलं. उत्तर आलं नाही.

जानेवारीत मुलांच्या घरांची नवी यादी आली. आणि मी पुन्हा गेलो. हे लिहायला जड जातंय, पण गेलो. मनाशी ठरवलं होतं की या वेळी खरं सांगायचं. दुसऱ्याच घरी जर्सी बाहेर निघाली, पोरगा आरशासमोर उभा राहिला, आणि बापाने कौतुकाने विचारलं, "म्हणजे पहिल्या वर्षापासून खेळणार?"

"नाही," मी म्हणालो. "हा नंबर यांनी आणखी बऱ्याच जणांना दिलाय. शंभर मुलं येतात. तुमचा मुलगा बहुतेक खेळणार नाही. लागलं तर त्याच्याकडे कोणी बघणार नाही. मी हे डोळ्यांनी पाहिलंय."

मला वाटलं, आता बाप कोचला दार दाखवील. तो उठला तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"माझा मुलगा त्या बाकीच्यांसारखा आहे असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"तसं नाही—"

"तुम्ही कधी हा खेळ खेळलात?"

"नाही."

"मग गाडीत जाऊन बसा."

मी गाडीत जाऊन बसलो. वीस मिनिटांनी कोच आला, मुलाची सही घेऊन. मला वाटलं चिडेल. तो हसत होता. "डॉक, मी त्यांना काही विकत नाही. त्यांना हवंच असतं. तुम्ही खरं बोललात, बरं वाटलं ना? तरीही पोरगा येतोयच." घरापर्यंत तो रेडिओबरोबर गुणगुणत होता. खोटं बोलून जेवढा ओशाळलो होतो, तेवढाच खरं बोलूनही ओशाळलो. त्या गाडीत बसून कुठलाच शब्द स्वच्छ राहत नव्हता.

सोमवारी मी डीनला सांगितलं, यापुढे मी जाणार नाही. तो म्हणाला, "ठीक आहे." वसंतात माझी फाइल पुढच्या वर्षावर ढकलली गेली. मी बाहेर अर्ज करायला लागलो. वर्षभराने न्यू जर्सीत एका औषध कंपनीत आकडेमोडीचं काम मिळालं आणि आम्ही वेस्ट विंडसरला राहायला आलो. तिथे शेजारीपाजारी मराठी घरं होती. काका-काकू, डॉक्टर, इंजिनिअर. कॉलेजातल्या प्रोफेसरकीबद्दल कोणी आदराने विचारलं की मी विषय बदलायचो.

जाण्याआधीचं ते शेवटचं वर्ष मात्र शिकवावं लागलं. ऑगस्टमध्ये मला गाडीत जाऊन बसायला सांगणाऱ्या बापाचा मुलगा आला आणि योगायोगाने माझ्याच वर्गात बसला. मागच्या रांगेत, खिडकीजवळ. मला ओळखलं असणार, पण माझ्याकडे कधी बघायचा नाही. मी दोनदा ऑफिसात बोलावलं. तो आला नाही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात हजेरी घेताना त्याचं नाव उच्चारलं, कोणी उत्तर दिलं नाही. पुढच्या तासालाही नाही. त्याला लागलं की तो नुसताच निघून गेला, हे मला कोणी सांगितलं नाही, आणि ज्यांना विचारायचं त्यांच्या दारात मला पुन्हा उभं राहायचं नव्हतं.