देवाचे डोळे, दोन टॉर्च आणि एक वरवंटा

म्हैस म्हणे! देवळाच्या समितीच्या अध्यक्षांनी माझा व्हिडिओ त्यांच्या भिंतीएवढ्या टीव्हीवर लावला, चष्मा पुसून दोनदा बघितला आणि म्हणाले, "अक्का, पाण्यात म्हैस बसलीय." बाकीचे चार जण हसले. चहासुद्धा अर्धाच दिला. मी पाण्यात ट्रकच्या ट्यूबवर बसून, कंबर मोडून काढलेला व्हिडिओ, आणि ह्यांना म्हैस दिसते. आता सगळं पहिल्यापासून लिहिते. माझी शाळा पाचवीतच धरणात गेली, त्यामुळं चुका काढत बसू नका. सुनेनं ब्लॉग काढून दिलाय, बोटं माझीच आहेत.

माझं माहेरचं जुनं गाव डिंभ्याच्या धरणाखाली आहे. आबा, म्हणजे माझे वडील, तिथं मारुतीचे गुरव. दर शनिवारी तेलात शेंदूर कालवायचा, देवाला लावायचा आणि माखलेले हात शेजारच्या दगडाला पुसायचे. वाटी धरायला मी. किती पिढ्यांनी त्या दगडाला हात पुसले देव जाणे, पण तोही देवाएवढाच लाल आणि देवाएवढाच गोल झाला होता. फरक एकच. देवाला चांदीचे डोळे. ते मेण लावून दोन खळग्यांत बसवायचे.

गाव उठलं तेव्हा आबा डोळे काढून, धोतराच्या सोग्यात बांधून पहिल्या ट्रकनं नव्या जागी गेले. मागं राहिलेल्या पुरुषांनी दुसऱ्या ट्रकात देव घातला. जन्मात कुणी शेंदूर कालवला असेल तर शपथ. उचलला तो हात पुसायचा दगड! आबा बघताक्षणी म्हणाले, "ह्यो न्हाई." तोवर पाणी चढलेलं, ट्रकवाला माघारी जाईना. आबा त्या दगडाला डोळे लावीनात, म्हणून गावानं त्यांच्याकडनं डोळे काढून घेतले, खळग्या नसलेल्या त्या दगडावर मेणानं चिकटवले आणि पूजाही काढून घेतली. आबा पुढं वीस वर्षं जगले, पण मारुतीच्या देवळात गेले नाहीत. गावानं त्यांना खुळा गुरव म्हटलं.

आता नवीन देऊळ झालंय, फरशी वगैरे घालून. येत्या शनिवारी प्रतिष्ठापना आहे आणि ह्या खेपेला डोळे मेणानं नाही, सिमेंटानं बसवणार आहेत. कायमचे. म्हणून माझी घाई.

म्हशीचा व्हिडिओ मी सुनेचा पाण्यात चालणारा कॅमेरा काठीला बांधून काढला होता, लाइट न लावता. त्यात सगळं पाणी शेवाळी आणि दगड काळा. मी जुन्नरला हमीदभाईंकडं गेले. आमच्या महाळुंगे पडवळहून जायचं तर आधी नारायणगाव, तिथं गाडी बदलून जुन्नर. गाडीची वाट बघण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, तुम्ही पाणी आणि खायला बरोबर ठेवा. स्टँडवरची मिसळ बरी आहे, पण पाव शिळा निघाला तर तोंडावर सांगा, बदलून देतात. मी सांगितलं.

हमीदभाई लग्नाचं शूटिंग करतात. माझ्या पोराच्या लग्नात त्यांनीच लाइट लावले होते. त्यांनी म्हैस बघितली आणि हसले नाहीत. पहिला माणूस.

"अक्का, पानी लाल रंग खातं," ते म्हणाले. "वरनं सूर्याचा उजेड जातो त्यातला लाल आदी मरतो. खाली शेंदूर काळाच दिसनार. लाल पायजे तर उजेड खाली घेऊन जावा लागंल. एकदम जवळ."

"मग चला."

"आज दोन साखरपुडे हायेत."

"त्यांचा देव बुडालाय का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आले. त्यांची व्हॅन कालच्या झेंडूच्या माळांसकट, मागच्या काचेवर 'शुभविवाह'. आम्ही घोडेगावकडनं डिंभ्याच्या रस्त्याला लागलो. घोडेगावपर्यंत रस्ता चांगला आहे, पुढं वळणं आहेत आणि वळणावर समोरच्याला आपण दिसलो असं समजू नका. एका चहाच्या टपरीवर थांबलो तर टपरीवाला व्हॅन बघून म्हणाला, "पावणं, वरात कुठं निघाली?"

मी म्हटलं, "पाण्याखाली."

"मानपान वलं व्हईल," तो म्हणाला आणि चहात साखर जास्त घातली. चहा मात्र प्यावा तिथला.

पाणी उन्हाळ्यात उतरलेलं असतं. जुन्या चिंचेचा बुंधा वर आला की मला देवळाची जागा कळते. चिंचेपासून विहिरीकडं अठरा पावलं, माझी लहानपणची. तिथं आता दोन पुरुष पाणी. काठावर धोंडूभाऊ राहतात. ट्यूबवर बसून मासे धरतात आणि बुडी मारतात ती बदकासारखी. धोंडूभाऊंशिवाय कुणी पाण्यात उतरायचं नाही, हे वाचून जाणाऱ्यांना बजावून सांगते. खाली जुन्या बाभळी आहेत, पाय अडकतो.

हमीदभाईंनी दोन टॉर्च आणले होते, लोणच्याच्या प्लास्टिकच्या बरण्यांत घालून, झाकणाला सायकलची ट्यूब आवळून. आत पाणी जाणार नाही ह्याची त्यांना खात्री. गेलंही नाही. कॅमेरा त्यांचाच, नवरदेवाच्या घोड्याला लावतात तो, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. बरण्या त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवल्या आणि एका काठीला बांधून धोंडूभाऊंच्या हातात दिलं. धोंडूभाऊ खाली गेले. काठी वर आली. बरण्यांत हवा! धोंडूभाऊ खालनं ओढतायत आणि बरण्या वर उसळतायत. शेवटी ते वर येऊन म्हणाले, "अक्का, तुमचा देव मला खाली येऊ दीना."

"देव न्हाई, बरणी येऊ देत न्हाई. वजन बांधा."

वजन कुठलं? धोंडूभाऊंच्या घरात वरवंटा होता. त्यांच्या बायकोनं तो दिला, पण हमीदभाईंच्या तोंडाकडं बघत म्हणाली, "माघारी आना. दुपारला वाटन हाय."

वरवंटा बांधला, मग गेलं खाली. धोंडूभाऊंनी नारळाच्या शेंडीनं दगडावरचं शेवाळ घासलं आणि लाइट मारला. वर आणून छोट्या पडद्यावर बघतो तर कोंडा! सगळीकडं पांढरा कोंडा उडतोय, जसं कुणी सुपात पाखडतंय.

"गाळ हाय तो," हमीदभाई म्हणाले. "लाइट कॅमेऱ्याच्या कानाला लागून हाय, म्हनून गाळच उजळतोय. लाइट लांब पायजे, दोन्ही बाजूला हातभर."

बांबू कापला. मधे कॅमेरा, दोन टोकांना बरण्या, खाली वरवंटा. पाळण्यासारखं दिसत होतं. हमीदभाई काठावरनं ओरडले, "पाय टेकवू नका धोंडूभाऊ! कुनीच हलायचं न्हाई!" मी तर ट्यूबवर बसलेले, मी काय हलणार? तरी श्वास धरला. माझ्या अंगात धीर नाही, पण गाळ बसायची वाट बघावीच लागते. जाणाऱ्यांनी घाई करू नका. मी केली म्हणून दोन बुड्या फुकट गेल्या.

काठाला येऊन पडद्यावर बघितलं, तर ह्या वेळी लाल आला. काय सांगू! टोमॅटो फोडल्यासारखा लाल. इतक्या वर्षांच्या शेंदराचे थरावर थर, पाण्यानं त्याला काही केलं नाही. मी ओरडले. धोंडूभाऊ हसले. हमीदभाईंनी मात्र पडदा डोळ्याजवळ नेला.

"खळग्या कुटं हायेत, अक्का?"

बघते तर दगड ताटलीसारखा सपाट. लाल ताटली. आता समिती काय म्हणणार ते मला तिथंच ऐकू आलं. अक्का, तुम्हीच म्हणता दगड दोन होते, दोन्ही लाल होते. मग हाच हात पुसायचा कशावरनं नाही?

मी म्हटलं, "बुजल्या असतील." आणि बसूनच राहिले. आबांना खुळं म्हणत होते तेव्हा मी वाटी धरून शेजारी उभी होते. मी कधी मोठ्यानं बोलले नाही. कदाचित माझीच आठवण खोटी असेल, असं पहिल्यांदा मनात आलं.

हमीदभाईंनी एक बरणी सोडली. "नवरीवर दोन्ही बाजूनी सारका लाइट मारला की नाक दिसत न्हाई. सगळा चेहरा भाकरी. एकच लाइट, बाजूनं, खालनं. मग नाक दिसतं, रडली असंल तर तेबी दिसतं."

बरणी एकच राहिली म्हणून वरवंटा जड झाला, धोंडूभाऊ दगडासारखे खाली गेले. बराच वेळ आले नाहीत. वर येऊन त्यांनी कॅमेरा सरळ माझ्या मांडीवर ठेवला.

डावीकडनं उजेड सरकत येतो. लाल दगड. मग एक सावली, मग दुसरी. दोन खळग्या, शेजारी शेजारी, काठोकाठ सावलीनं भरलेल्या. उजव्या खळगीचा काठ जरा उडालेला. तो मी उडवला होता, डोळा बसवताना, चमच्यानं. आबांनी टपली मारली होती.

मी नाकाला पदर लावला. हमीदभाई पाण्याकडं बघत म्हणाले, "धोंडूभाऊ, वरवंटा द्या बरं. वाटन हाय." धोंडूभाऊंच्या बायकोनं नंतर त्याच वरवंट्यानं वाटलेलं कालवण वाढलं. त्याचे पैसे घेईनात. जाणाऱ्यांनी आधी सांगून जा आणि जाताना गूळ-शेंगदाणे तरी न्या.

संध्याकाळी घरी आले. हमीदभाईंनी रात्रीच व्हिडिओ पाठवला आणि मी तो न बघता समितीच्या ग्रुपवर टाकला. ती माझी चूक. त्यांच्या कॉम्प्युटरवर सगळे व्हिडिओ लग्नाच्या साच्यातनंच निघतात. त्यामुळं पाण्यातला मारुती गुलाबी बदामात येतो, वरनं पाकळ्या पडतात आणि शेवटी 'आपले नम्र' लिहिलेलं आहे. अध्यक्षांचं उत्तर आलं: "देवाची थट्टा चालणार नाही. समिती योग्य वेळी विचार करील."

पाकळ्यांवर विचार करायला सांगितलं नाही मी. खळग्यांवर करा. म्हैस म्हणालात ना? म्हशीला चांदीचे डोळे बसवायच्या खळग्या कुणी कोरल्या, तेवढं सांगा. बदामाशिवायचा व्हिडिओ आज परत टाकलाय.

मी घरी बसून विचार केला. तुमच्या देवळातला दगड मी फेकून द्या म्हणत नाही. त्यानं तुमचे नवस ऐकले, लेकराबाळांच्या तापाला अंगारा दिला, त्याचं त्याला असू द्या. देव वर काढा आणि तो दगड शेजारीच ठेवा, जुन्या गावात होता तसा. पूजा झाल्यावर हात पुसायला लागतोच. आणि पहिल्या दिवशी शेंदूर मी कालवणार, आबांच्या वाटीत. वाटी माझ्याकडं आहे.

धोंडूभाऊ म्हणतात चार माणसं आणि दोर द्या, एका सकाळीत देव वर येतो. हमीदभाई उजेड धरायला येणार आहेत. डोळे सिमेंटात जायला शनिवार उजाडेल. मला उत्तर गुरुवारी दिवेलागणीच्या आत पाहिजे. हो किंवा नाही, ग्रुपवर, सगळ्यांसमोर. आणि आबा खुळे होते का, तेही त्यातच लिहा.