व्हर्लिनचा डावा दिवा

मंगळवार, १४ मे २०१९. सकाळी एक्केचाळीस अंश फॅरनहाइट, वारा वायव्येकडून. दोन पत्रं टाकली. दुपारी दोनला लुथरन चर्चच्या तळघरात बैठक. विषय: व्हर्लिनला कोण सांगणार. मी कॅथलिक असूनही मला बोलावणं. लिंबाच्या वड्या होत्या.

व्हर्लिन टोस्ट्रुड माझा शेजारी, वय अठ्ठ्याहत्तर. मिनेसोटाच्या या कोपऱ्यात त्याने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर गावातल्या, गाडीमागे जोडायच्या ट्रेलरांचं वायरिंग करू लागला, तेही फुकट. बोटींचे ट्रेलर, घोड्यांचे, गवताच्या गठ्ठ्यांचे. इतकं नेटकं काम मी दुसऱ्या कोणाचं पाहिलं नाही. तार निवडण्यातच त्याचा एक दिवस जायचा. दिव्यांना बारीक चालते, पण ब्रेकला जाडच हवी, कारण "बारीक तारेतून वीज चाकापर्यंत पोचेस्तोवर दमते." अर्थिंगसाठी तो सांगाड्यावरचा रंग लखलखीत लोखंड दिसेपर्यंत खरवडायचा.

फक्त त्याने जोडलेल्या ट्रेलरला डावा इंडिकेटर दिला की उजवा दिवा लुकलुकायचा.

काम झालं की तो गाडीत बसून ओरडून विचारायचा, "डावा?" मागे उभा असलेला मालक उजव्या दिव्याकडे बघत म्हणायचा, "छान दिसतोय." फुकट काम करणाऱ्याला आमच्याकडे याहून वेगळं उत्तर कोणी देत नाही. अठरा वर्षांत असे सत्तेचाळीस ट्रेलर झाले. समोरून बघणाऱ्याला गाडी डावीकडे वळताना दिसायची, मागच्याला उजवीकडे. गावाने जुळवून घेतलं. नवीन पास्टर आले की पहिल्या आठवड्यात त्यांना कचऱ्याचा वार आणि ट्रेलरचे दिवे, दोन्ही समजावून सांगायचे.

आता व्हर्लिनने मोठा कॅम्पर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतला होता, त्याचा पहिलाच इलेक्ट्रिक ब्रेकवाला. वायरिंग पुन्हा पहिल्यापासून स्वतः केलेलं. शनिवारी तो आणि त्याची बायको आर्डिस मुलीकडे डेन्व्हरला निघणार होते. डेन्व्हरमध्ये कोणालाही काही सांगितलेलं नव्हतं.

बैठकीत पाऊण तास हवामानावर गेला. मग हार्डवेअरच्या दुकानाचा लोरेन हेग मला म्हणाला, "बर्नडीन, तुम्हा कॅथलिकांना कबुलीची सवय असते."

"आम्ही स्वतःच्या पापांची कबुली देतो, लोरेन. दुसऱ्याच्या वायरिंगची नाही."

"पण सराव आहे ना तोंडाला."

"शिवाय तुम्ही नन्सच्या शाळेत शिकलात," पास्टर मऊ आवाजात म्हणाले. ताटात एकच वडी उरली होती. ती चौघांनी आळीपाळीने अर्धी अर्धी केली, उरलेला तुकडा कोणी उचलेना. मी तो खाल्ला आणि हो म्हटलं.

बुधवारी सकाळी गेले. व्हर्लिन खूश होता. गाडीच्या डॅशबोर्डखाली त्याने ब्रेकचा जोर कमी-जास्त करायचा डबा बसवला होता. "चाकाशी कान लाव, बर्नडीन. ब्रेक कसा गुणगुणतो बघ." मी कान लावला. खरंच गुणगुणत होता.

"आता मागे उभी राहा. डावा?"

मी म्हटलं, "उजवा लागलाय, व्हर्लिन."

मग तो उतरून मागे आला आणि बघत राहिला.

"कधीपासून?"

मी माझी रोजच्या नोंदींची वही बघूनच गेले होते. "सोळा जून दोन हजार एक. लोरेनची बोट."

"म्हणजे पहिल्यापासून."

"हो."

"लोरेन तर छान दिसतोय म्हणाला होता."

"माझा नवरा गेला त्याच्या आदल्या दिवशी लोरेन त्यालाही तेच म्हणाला होता."

तो नेहमीसारखा मागच्या बाजूने, डोकं आधी घालून, पाठीवर सरकत कॅम्परखाली गेला. मी गुडघे टेकून वाकले. "आता डावा हात बाजूला कर." त्याने केला. हात कॅम्परच्या उजव्या चाकाला लागला. त्याने चाक दोनदा चाचपलं.

"बसमध्ये झोपून काम नसायचं," शेवटी खालून आवाज आला. मग जरा मोठ्याने, "आर्डिस, तुला माहीत होतं?"

आर्डिस स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, "मला वाटलं, तुझी तशी पद्धत आहे."

दोन तारा अदलाबदल करायला त्याला दहा मिनिटं लागली. जाताना मला म्हणाला, "आल्यावर सगळ्यांचे बदलून देतो." लोरेनला हे कळलं तेव्हा तो पांढरा पडला. त्याचं म्हणणं, आता सवय झालीय, राहू दे.

पण गावाला कळवणं भाग होतं, की व्हर्लिनचा दिवा आता खरं बोलतो. मी सहा जणांना फोन केले, त्यांनी पुढे केले. सगळे "बरं झालं" म्हणाले. आमच्याकडे त्यावरून कोणाला पटलंय की नाही, ते कळत नाही.

शनिवारी सकाळी मी निरोप द्यायला कोपऱ्यापर्यंत चालत गेले. हायवेच्या तोंडाशी व्हर्लिनने डावा इंडिकेटर दिला. डावा दिवा लुकलुकला. मागे लोरेन होता, त्याच्यामागे आणखी आठ गाड्या. कोणत्या बाजूने जावं हे कोणालाच ठरवता येईना, म्हणून सगळे थांबले. हॉर्न कोणी वाजवला नाही. व्हर्लिनला वाटलं, घाईत असतील, म्हणून त्याने हात हलवून पुढे जायला सांगितलं. लोरेनने हात हलवून त्यालाच जायला सांगितलं. हे पाच मिनिटं चाललं.

मग व्हर्लिन उतरला. कॅम्परच्या मागे जाऊन डाव्या दिव्याशेजारी उभा राहिला, दिव्यावर हात ठेवला आणि दुसरा हात खांद्यापासून ताणून डावीकडे धरला, शाळेच्या मुलांना रस्ता दाखवायचा तसा. नऊही गाड्यांतल्या माना हलल्या. लोरेनने काच खाली केली.

"व्हर्लिन, छान दिसतोय."

"यावेळी खरंच का?"

लोरेनने मान बाहेर काढून दिव्याकडे पाहिलं. "हो. यावेळी डावाच आहे."

व्हर्लिन गाडीत बसला आणि डावीकडे वळला.

संध्याकाळी वहीत एवढंच लिहिलं: फ्रीजरमधला बर्फ काढला. मागच्या वर्षीच्या मक्याच्या दाण्यांच्या तीन पिशव्या निघाल्या.