पाटावरची काळी सुरी

खंडेनवमीला आमच्या क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये बायको घरातली झाडून सारी हत्यारं पाटावर मांडते. विळी, कात्री, माझा स्क्रू ड्रायव्हर, लेकीचा लॅपटॉप. एकदा हळदकुंकू वाहिलं की दसरा उजाडेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. त्यामुळे त्या दिवशी जेवण खालच्या हॉकर सेंटरमधून, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांवरून, येतं आणि लेक झेंडूची फुलं बाजूला सारून ऑफिसचे कॉल घेते. लॅपटॉपला सूट असते. माझा यातल्या कशावरही विश्वास नाही, तरी पाट मीच मांडतो. घरात राहायचं असतं.

गेल्या वर्षी पाटावर एक हत्यार वाढलं. आमचा जावई स्कॉटलंडचा. जावई म्हणजे दशमग्रह, असं ऐकत मी मोठा झालो. पण हा ग्रह जेवणं झाली की भांडी घासतो, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. बायको त्याच्याशी मराठीतच बोलते आणि लेक भाषांतर करते. त्या सकाळी बायको म्हणाली, "तुमच्याकडचं काही असेल तर तेही आणा."

त्यानं बॅगेतून एक डबा काढला. आत वीतभर लांबीची सुरी, चामड्याच्या म्यानात, मूठ काळ्या लाकडाची आणि कोरीव. नाव स्कीअन डू, म्हणजे काळी सुरी. किल्ट, म्हणजे तिकडच्या पुरुषांचा चौकड्यांचा घागरा, घातला की ती मोज्यात खोचायची, मूठ तेवढी वर दिसेल अशी. ही त्याच्या वडिलांची होती. वडील त्याच वर्षी गेले. फोन आल्याबरोबर हा इथून निघाला, पण विमान उतरेपर्यंत सगळं आटोपलं होतं. हे त्यानं मला सांगितलं तेही भांडी घासताना, पाठमोरा उभा राहून.

सुरीला हळद लागली, कुंकू लागलं, वर एक झेंडू चढला. त्यानं फोटो काढून आपल्या आईला पाठवला. नियम मात्र त्याला कोणी सांगितलाच नव्हता.

संध्याकाळी त्याच्या मित्राचं लग्न होतं आणि नवरदेवाशेजारी यालाच उभं राहायचं होतं. वडील गेल्यापासून ती सुरी तो पहिल्यांदाच लावणार होता. या शहरात मोज्यात सुरी खोचून एमआरटीच्या गाडीत बसणं बरं नव्हे, म्हणून ती डब्यातून टॅक्सीनं न्यायची, असंही ठरलं होतं. तो किल्ट घालून बाहेर आला आणि पाटाकडे वाकला, तोच लेक ओरडली, "थांब! उद्यापर्यंत नाही." मग तीच ओशाळली. "आई, छोटीशी तर आहे. कॅन लाह, चालेल ना!"

"उचल रे," मी म्हणालो. "लॅपटॉप चालतो तर ही का नाही?"

त्यानं हात मागे घेतला. "नको," तो इंग्रजीत म्हणाला. "तुम्ही ती इतक्या मानानं मांडलीत. माझ्या वडिलांनीही मला हात लावू दिला नसता." आणि तसाच बूट घालायला बसला. चेहरा पडला होता, पण आवाज साधा. मला बायकोचा राग आला, कैक वर्षांच्या सगळ्या सोवळ्याओवळ्यासकट.

बायको बेसिनकडे गेली. तिनं हात धुतले, चिमूटभर अक्षता घेतल्या, त्या एकट्या सुरीवर वाहिल्या आणि ती जागेवरून जराशी सरकवली. गणपती उठवताना करतात ती उत्तरपूजा. "पुनरागमनाय च," ती म्हणाली. "आता खुशाल न्या."

"म्हणजे काय?" त्यानं विचारलं. लेकीला ते संस्कृत ठाऊक नव्हतं. शेवटी बायकोनंच आपलं इंग्रजी जुळवलं. जाणाऱ्याला आम्ही नुसतं जा म्हणत नाही, परत येण्यासाठी जा, असं म्हणतो.

त्यानं सुरी दोन्ही हातांत घेतली. "मी पोचलो तेव्हा वडिलांना असं काही म्हणावं तर ते उरलेच नव्हते," तो म्हणाला, आणि एका पायात बूट अडकवून, सासूच्या समोर, रडायला लागला. खाली टॅक्सी येऊन उभी होती.

जरा वेळानं त्यानं बायकोला ते शब्द पुन्हा म्हणायला सांगितले. ती एकेक अक्षर सुटं करून म्हणत गेली, आणि सुरीकडे बघत तो तिच्यामागून म्हणत गेला.